कावीळ, पित्ताच्या नळीतले खडे आणि दुर्बीण: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये कावीळ, पित्ताच्या नळीत अडकलेले खडे आणि स्वादुपिंडाचे आजार हेच विषय पुन्हा पुन्हा आलेत, म्हणून ती सगळी पत्रं एकत्रच घेते. पत्रांत दोन नावं सारखी येतील: ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत बघणं आणि तिथेच इलाज करणं, आणि एमआरसीपी म्हणजे त्याच नळ्यांचा एमआरआय. तुमच्या पेशंटला प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टर जे सांगतील ते आधी, माझं त्यानंतर, हे धरून वाचा.

प्रश्न: नमस्कार मॅडम, आईचं वय ६२. मागच्या आठवड्यात रात्री जेवण झाल्यावर उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की तिला बसवेना, पाठीपर्यंत दुखत होतं, दोन दिवसांनी डोळे पिवळे दिसायला लागले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आहेत आणि पित्ताची नळी ८ मिलिमीटर फुगलीय असं आलं, पण नळीत खडा काही दिसला नाही. रक्तातलं काविळीचं प्रमाण, म्हणजे बिलीरुबिन, ३.४ होतं ते आता १.६ वर आलंय. ताप नाही. एक डॉक्टर म्हणतात आधी एमआरसीपी करा, दुसरे म्हणाले सरळ ईआरसीपी करून टाकू, त्यातच सगळं कळेल. भाऊ म्हणतो दोन दोन तपासण्यांचा खर्च कशाला. काय करू? (सातारा)

उत्तर: भाऊंचं म्हणणं खर्चाच्या बाजूने बघितलं तर पटतं, पण माझी आई असती तर मी आधी एमआरसीपीच केली असती. का ते नीट सांगते, कारण आज आलेल्या निम्म्या पत्रांचं उत्तर यातच आहे.

पित्त तयार होतं लिव्हरमध्ये. तिथून ते नळीतून खाली येतं, वाटेत पित्ताशयाची नळी तिला येऊन मिळते, आणि ही सगळी वाट लहान आतड्याच्या सुरुवातीला एका बारक्या उंचवट्यावर उघडते. स्वादुपिंडाची नळीही तिथेच उघडते, बहुतेकांमध्ये दोघींचं तोंड एकच. ईआरसीपी करताना तोंडातून दुर्बीण आत नेतात. नेहमीच्या एंडोस्कोपीपेक्षा ही वेगळी असते, हिचा कॅमेरा समोर नाही तर बाजूला बघतो, कारण तो उंचवटा आतड्याच्या भिंतीवर आहे. त्या तोंडातून बारीक वायर पित्ताच्या नळीत सरकवायची, डाय म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव सोडायचा आणि एक्स-रेच्या स्क्रीनवर नळीचं चित्र बघायचं. खडा दिसला तर नळीच्या तोंडाशी बारीक चीर देऊन फुग्याने किंवा तारेच्या जाळीने तो खाली ओढून आतड्यात सोडायचा, तो मग शौचावाटे जातो. ऐकायला सोपं वाटतं, पण वायर कधी कधी शेजारच्या स्वादुपिंडाच्या नळीत शिरते, आणि स्वादुपिंडाला असं डिवचलेलं अजिबात खपत नाही, ते सुजतं.

ही पद्धत आली तेव्हा फक्त बघण्यासाठीच होती. १९६८ मध्ये वॉशिंग्टनला विल्यम मॅक्यून नावाच्या सर्जननी ती पहिल्यांदा जगासमोर मांडली, पुढे जपानी डॉक्टरांनी चांगल्या दुर्बिणी आणून ती हातात बसवली. त्या काळात सीटी स्कॅन नाही, एमआरआय नाही, पित्ताची नळी आतून बघायची तर मार्ग फारच थोडे. १९७४ मध्ये जपानात कावाई आणि जर्मनीत क्लासेन-डेमलिंग यांनी साधारण एकाच वेळी नळीच्या तोंडाशी चीर देऊन खडे काढायला सुरुवात केली आणि बघण्याच्या तपासणीचा इलाज झाला. मग १९९० नंतर एमआरसीपी आली. हे म्हणजे एमआरआयच, मशीनमध्ये झोपायचं, श्वास धरा-सोडा सांगतील तसं करायचं, नळ्यांमधल्या द्रवाचंच चित्र निघतं त्यामुळे साध्या एमआरसीपीला डायचं इंजेक्शनही लागत नाही. आत काही घालायचं नाही, सुजायचा प्रश्न नाही. म्हणून आज नुसतं बघायला ईआरसीपी करायची नाही असाच दंडक आहे. काहीतरी काढायचंय, टाकायचंय, उघडायचंय हे जवळजवळ नक्की असेल तेव्हाच ईआरसीपी.

आता तुमच्या आईचं बघा. कळ थांबली, बिलीरुबिन अर्ध्याच्या खाली आलं, म्हणजे खडा आपणहून सटकून आतड्यात पडला असण्याची चांगलीच शक्यता आहे, असं होतं. तसं असेल तर ईआरसीपीत हाती काही लागणार नाही पण धोका मात्र पूर्ण घेतलेला असेल. एमआरसीपीत खडा दिसला तर मग बिनधास्त ईआरसीपी करा. एमआरसीपीत ५ मिलिमीटरच्या आतले बारीक खडे कधी कधी सुटतात, तिथे ईयूएस म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी लावलेली तपासणी जास्त भरवशाची. काही मोठ्या सेंटरमध्ये एकाच भुलीत आधी ईयूएस करून बघतात आणि खडा दिसला तरच पुढे ईआरसीपी करतात, तुमच्या जवळ अशी सोय असेल तर एकदाच भूल, एकदाच अॅडमिट, भाऊंचंही समाधान होईल.

थेट ईआरसीपी करायची वेळ वेगळी असते. सोनोग्राफीतच नळीत खडा स्पष्ट दिसलाय, किंवा बिलीरुबिन ४ च्या वर आणि नळी फुगलेली, किंवा कावीळ आणि सोबत थंडी वाजून ताप. या तिसऱ्या प्रकारात तर घरी एक रात्रसुद्धा काढू नका. अडलेल्या पित्तात जंतू झाले की ते रक्तात जातात आणि म्हातारं माणूस काही तासांत बेशुद्ध पडतं.

आणि एक, खडा नळीतून निघाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. मूळ खाण पित्ताशयात आहे. ऑपरेशनला फिट असतील तर ते पित्ताशय त्याच अॅडमिशनमध्ये किंवा पुढच्या दोन आठवड्यांत लॅप्रोस्कोपीने काढून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा तीच कळ आणि तोच खर्च.

प्रश्न: मॅडम माझं वय ३४, एमआरसीपीत नळीत ७ मिलिमीटरचा खडा आलाय, पुढच्या गुरुवारी ईआरसीपी ठरलीये. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊन दहा दिवस आयसीयूत राहावं लागलं होतं, ते ऐकल्यापासून माझी झोप उडालीय. नाही केली तर चालेल का? (नाशिक)

उत्तर: चालणार नाही गं, खडा आहे हे दिसलंय, तो तसाच ठेवला तर कधीही अडकेल आणि तेव्हाची ईआरसीपी धावपळीत, तापात, जास्त धोक्याची होईल. गंमत म्हणजे ज्या स्वादुपिंडाच्या सुजेची भीती वाटतेय ती खडा अडकल्यानेही येते, आणि तीही वाईट असते.

पण तुझी भीती खोटी नाही आणि कुणी "काही होत नाही हो" म्हणून उडवून लावत असेल तर ते बरोबर नाही. ईआरसीपीनंतर शंभरातल्या साधारण ३ ते १० जणांना स्वादुपिंडाची सूज येते. बहुतेकांची सौम्य असते, दोन-तीन दिवस सलाईन, उपाशी राहणं आणि वेदनाशामक यात उतरते, काहींची मात्र काकूंसारखी गंभीर होते. तरुण बायकांमध्ये, ज्यांना आधी कधी ही सूज येऊन गेलीय त्यांच्यात, आणि जिथे नळीत वायर घालायला फार झटापट करावी लागते तिथे धोका जास्त. रक्तस्राव शंभरात एक-दोघांना, आतड्याला भोक पडणं शंभरात एकापेक्षाही कमी.

धोका कमी करायचा एक अगदी स्वस्त उपाय आहे. इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅकची १०० मिलिग्रॅमची गोळी प्रोसिजरच्या आधी किंवा लगेच नंतर गुदमार्गातून ठेवतात, बस. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात जास्त धोक्याच्या पेशंटमध्ये ही गोळी दिल्यावर सुजेचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आलं. आता ही जगभर नेहमीची पद्धत झालीय. तू सरळ विचार, "मला ती गोळी देणार ना?" यात डॉक्टरांना वाईट वाटण्यासारखं काही नाही. किडनीचा त्रास किंवा या औषधांची अॅलर्जी असेल तर आधी सांग. वायर पुन्हा पुन्हा स्वादुपिंडाच्या नळीत जात असेल तर तिथे वाट मोकळी राहावी म्हणून एक बारीक तात्पुरती नळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात, त्यानेही सूज टळते. आणि हे डॉक्टर अशा किती ईआरसीपी करतात, रोज की महिन्यातून एखादी, हेही विचार, हाताला सवय असण्याचा इथे खरंच फरक पडतो.

घरी आल्यावर पहिल्या दिवसात पोटाच्या वरच्या भागात वाढत जाणारं दुखणं, पाठीत कळ, उलट्या, ताप किंवा काळी शौच, यातलं काहीही झालं तर गॅस असेल म्हणून ओवा खात बसू नकोस. सरळ हॉस्पिटल गाठ.

प्रश्न: वडिलांना गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी पित्ताच्या नळीत स्टेंट टाकला होता, खडे मोठे होते, सगळे निघाले नाहीत म्हणून. तीन महिन्यांनी या म्हणाले होते पण त्यांना काहीच त्रास नव्हता, जेवण व्यवस्थित, शेतावर जातात, मग आम्ही गेलो नाही. आता अधूनमधून थंडी वाजते आणि अंग गरम लागतं. स्टेंटचा काही संबंध असेल का? (बीड)

उत्तर: दादा, आज हे वाचताय तर उद्या सकाळी त्यांना घेऊन निघा. आज रात्री थंडी-ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा ते गुंगीत वाटले तर सकाळचीही वाट बघू नका.

प्लॅस्टिकचा स्टेंट म्हणजे पेनच्या रिफिलएवढी बारीक नळी असते, पित्त वाहायला वाट मोकळी राहावी म्हणून ठेवलेली. ती कायमची नसतेच. तिच्या आत हळूहळू जंतूंचा थर आणि पित्ताचा गाळ साठत जातो आणि काही महिन्यांत ती बुजते, म्हणून साधारण तीन महिन्यांच्या आत काढायची किंवा बदलायची असते. बुजलेल्या स्टेंटमागे पित्त साचतं, त्यात जंतू होतात आणि मग थंडी वाजून ताप येतो, तुम्ही लिहिलंय अगदी तसंच. फार दिवस राहिलेल्या स्टेंटभोवती नवे खडेही जमतात आणि मग काढताना डॉक्टरांची आणि पेशंटची दोघांची परीक्षा.

आपल्याकडे हे इतक्या वेळा होतं की मला खरंच तळमळ वाटते. माणसाला बरं वाटतं, कावीळ उतरते, डिस्चार्ज कार्ड कपाटात जातं आणि स्टेंट आत आहे हेच घरात विसरलं जातं. काही जणांना तर आत काही ठेवलंय हेसुद्धा माहीत नसतं. माझी सगळ्यांना हात जोडून विनंती, ईआरसीपी झाली की डिस्चार्जच्या वेळी स्पष्ट विचारा: स्टेंट टाकलाय का, प्लॅस्टिकचा की धातूचा, आणि काढायची तारीख कोणती. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, मुलाच्या, सुनेच्या मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा.

मोठ्या खड्यांचं म्हणाल तर आता त्यालाही उपाय आहेत, नळीच्या आत जाणारी बारीक दुर्बीण घालून खडा लेझरने फोडता येतो, सगळीकडे नसतं पण मोठ्या शहरांतल्या सेंटरमध्ये मिळतं. पैशांची अडचण असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

प्रश्न: सासऱ्यांना महिनाभर कावीळ आहे, वय ५८. पोटात दुखत वगैरे काही नाही पण अंगाला भयंकर खाज, रात्रभर खाजवतात. लघवी गडद, शौच पांढुरकी. वजनही उतरलंय आणि तीन महिन्यांपूर्वी अचानक शुगर निघाली. गावाकडे काविळीची माळ घातली, हात चुन्याच्या पाण्यात धुतले तेव्हा पाणी पिवळंधमक झालं, म्हणजे कावीळ उतरतेय असं म्हणाले. घरचे अजून एक माळ घालू म्हणतायत. (रत्नागिरी)

उत्तर: ताई, दुसरी माळ नको, या आठवड्यातच पोटाच्या डॉक्टरांकडे न्या.

घरच्यांचा राग करू नका, त्यांचा विश्वास कुठून आला ते मला कळतं. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या दरम्यान माळ घातलेली असते, श्रेय माळेला जातं. माळ लांबली की कावीळ उतरली असं मानतात, पण ती लांबत जाते कारण तिच्या काड्या सुकतात आणि गाठी सैल होतात, ती तुमच्या-माझ्या गळ्यात घातली तरी लांबेल. हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं ते आधी हाताला चोळलेल्या झाडाच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आल्यामुळे, घरातल्या कुठल्याही धडधाकट माणसाचे हात तसेच धुवून बघा, पाणी तेवढंच पिवळं होईल. हा प्रयोग घरच्यांसमोर करा, वाद घालण्यापेक्षा लवकर पटतं.

सासऱ्यांची कावीळ त्या प्रकारची वाटत नाही. खाज, गडद लघवी आणि पांढुरकी शौच हे तिन्ही एकत्र म्हणजे पित्त आतड्यात पोचतच नाहीये, वाट कुठेतरी अडलीय. दुखत नाही, वजन उतरलंय आणि या वयात अचानक शुगर निघालीय, म्हणून स्वादुपिंडाच्या डोक्याशी किंवा नळीच्या तोंडाशी गाठ आहे का हे आधी बघायला हवं. मी घाबरवत नाहीये, पण अशी गाठ लवकर हाती लागली तर ऑपरेशन करून काढता येते आणि उशीर झाला तर नाही, इतका सरळ फरक आहे. सोनोग्राफी, लिव्हरच्या रक्ततपासण्या आणि मग स्वादुपिंडासाठी डाय देऊन केलेला सीटी स्कॅन हा क्रम सांगतील.

एक गोष्ट लक्षात ठेवा. स्कॅन होण्याआधी कुणी घाईने "आधी स्टेंट टाकून कावीळ उतरवू" म्हणालं तर थांबा आणि विचारा. स्टेंट टाकल्यावर तिथे सूज दिसते आणि स्कॅन वाचणं अवघड होतं. गाठ काढण्यासारखी असेल आणि बिलीरुबिन फार चढलेलं नसेल तर थेट ऑपरेशन बरं पडतं. नेदरलँड्समध्ये याचा नीट अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला: आधी स्टेंट टाकलेल्यांमध्ये ७४ टक्के लोकांना गंभीर गुंतागुंत झाली, थेट ऑपरेशन झालेल्यांमध्ये ३९ टक्के. ताप असेल, बिलीरुबिन खूप जास्त असेल किंवा आधी केमो द्यायची असेल तर मात्र स्टेंट लागतो. आणि कॅन्सरच्या संशयात करतात ती सीए १९-९ नावाची रक्ततपासणी वाढलेली आली तर लगेच रडू नका, नुसत्या अडलेल्या काविळीनेही ती वाढते.

प्रश्न: नवऱ्याच्या स्वादुपिंडात गाठ दिसतेय, ईयूएस करून सुईने तुकडा काढायचा म्हणतात. सुई लावली की कॅन्सर पसरतो ना? सगळे तेच सांगतायत. (ठाणे)

उत्तर: सगळे सांगतात खरं, पण ही भीती फार जुनी आहे आणि तिच्यापायी लोक नको तितका उशीर करतात. ईयूएसमध्ये दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असतो. स्वादुपिंड जठराच्या मागेच, आतड्याच्या वळणात बसलेलं असतं, त्यामुळे पोटावरून जे गॅसमुळे धड दिसत नाही ते आतून अगदी जवळून दिसतं. तिथूनच बारीक सुई गाठीत घालून नमुना घेतात. सुईच्या वाटेने पेशी पसरल्याचे प्रकार नोंदले गेलेत पण ते फार म्हणजे फारच विरळ.

प्रत्येक गाठीला सुई लागतेच असंही नाही. स्कॅनमध्ये चित्र स्पष्ट असेल आणि गाठ सरळ काढण्यासारखी असेल तर सर्जन बायोप्सीशिवायही ऑपरेशन करतात. पण आधी केमोथेरपी द्यायची असेल तर नमुना हवाच, कॅन्सर सिद्ध झाल्याशिवाय केमो कशी देणार? आणि एक आजार असा आहे की तो स्कॅनवर हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो, ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस म्हणतात त्याला, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे स्वादुपिंड सुजतं, रक्तात आयजीजी-४ नावाचं प्रथिन बऱ्याचदा वाढलेलं असतं आणि तो स्टेरॉइडच्या गोळ्यांनी विरघळतो. सुईने हे कळलं तर माणूस एका भल्या मोठ्या ऑपरेशनमधून वाचतो. म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा की या बायोप्सीच्या उत्तराने पुढचा इलाज बदलणार आहे का. बदलणार असेल तर लगेच करून घ्या.

प्रश्न: बायकोला पाचवा महिना आहे आणि पित्ताच्या नळीत खडा अडकून कावीळ झालीय. अशात ईआरसीपी? (कोल्हापूर)

उत्तर: गरज असेल तर होते, आणि पाचवा महिना त्यातल्या त्यात बरा काळ. एक्स-रे अगदी कमीत कमी वापरतात, बाळाला रेडिएशन कमीत कमी पोचेल अशी काळजी घेतात, काही ठिकाणी ईयूएसवर बघून एक्स-रेशिवायही करतात. स्त्रीरोगतज्ज्ञ त्याच हॉस्पिटलमध्ये असतील असं बघा. खडा अडकून ताप आला तर तो आई आणि बाळ दोघांनाही प्रोसिजरपेक्षा जास्त घातक.

प्रश्न: इथे न्यू जर्सीत ईआरसीपीच्या दुर्बिणीतून इन्फेक्शन पसरल्याच्या बातम्या वाचल्या होत्या. आई पुण्यात आहे, तिची ईआरसीपी आहे. काय विचारू?

उत्तर: बातम्या खऱ्या होत्या. या दुर्बिणीच्या टोकाशी वायर वर-खाली करायला एक बारीक खटका असतो, त्याच्या सांदीत घाण राहते आणि ती ब्रशने काढणं कठीण. अमेरिकेत त्यातून औषधांना दाद न देणारे जंतू पेशंट-पेशंटमध्ये गेले, म्हणून २०१९ मध्ये औषधं आणि उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या एफडीए या सरकारी संस्थेने टोकाची टोपी वापरून फेकता येईल अशा किंवा पूर्णच एकदा वापरायच्या दुर्बिणींकडे वळायला सांगितलं. पुण्यात विचारा की दुर्बीण प्रत्येक पेशंटनंतर हाताने ब्रशिंग करून मग मशीनमध्ये धुतली जाते का आणि टोकाची टोपी निघणारी आहे का. मात्र खडा अडकला असेल तर या काळजीपायी तारीख पुढे ढकलू नका.

प्रश्न: परवा ईआरसीपी आहे. बाबांना अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत, शुगरही आहे. गोळ्या आजपासून बंद करू का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: स्वतःहून एकही गोळी बंद करू नका! अॅस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल चीर द्यायची असेल तर ५ ते ७ दिवस आधी थांबवावी लागते, पण स्टेंट हृदयात नुकताच बसवला असेल तर ती थांबवणं जिवावर बेतू शकतं, म्हणून हार्टच्या डॉक्टरांचं आणि पोटाच्या डॉक्टरांचं आजच फोनवर एकमेकांशी बोलणं करून द्या. प्रोसिजर पुढे ढकलता येईल, किंवा चीर न देता आत्तापुरता स्टेंट टाकून नंतर खडा काढता येईल, असे मार्ग असतात.

जेवण ६ ते ८ तास आधी बंद. ज्या दिवशी उपाशी आहेत त्या सकाळी शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं तर शुगर खाली जाईल, किती कमी करायचं ते विचारून घ्या. बीपीची गोळी बहुतेक वेळा घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात, तेही विचारा. कवळी असेल तर काढून ठेवा. एमआरसीपीची सीडी आणि हृदयाच्या स्टेंटचं कार्ड सोबत न्या, आणि गुंगी उतरायला वेळ लागतो म्हणून परतताना गाडी चालवायला दुसरं कुणीतरी हवं.